तिसरा दिवस, दुपारचं सत्र

एरंडवण्यातल्या त्या सभागृहात एसी इतका
की लोहोकरे बाईंनी आधीच निरोप धाडला होता, शाली आणा.
आम्ही एकवीस जण, एकवीस संस्था.
शिरूरचे कुदळे, अंध मुलांची शाळा.
भोरची नसीमा, तिचं फिरतं वाचनालय, म्हणजे एक टेम्पो.
आणि मी, मुंढव्याचं पाळणाघर,
बांधकामावरच्या मजुरांची एकशे दहा पोरं.

पहिल्या दिवशी बदलाचा सिद्धांत.
डावीकडे चौकोन, उजवीकडे चौकोन, मधे बाण.
मी चौकोनात लिहिलं: दूध.
बाई म्हणाल्या, हे इनपुट झालं, आउटकम कुठंय?
मी बाण काढला.
बाणाच्या टोकाला एक पोर झोपलेलं असतं, तोंड उघडं टाकून,
आणि वर अकराव्या मजल्यावर त्याची आई
खाली वाकून न बघता पाटी उचलते.
ते न बघणं कुठल्या एककात मोजायचं,
मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताळेबंद.
कुदळेंनी हळूच विचारलं, 'कॉर्पस म्हणजे तेच ना,
ज्याला हात लावायचा नाही?'
नसीमा म्हणाली, 'आमच्याकडं त्याला आईचे दागिने म्हणतात.'
सगळे हसले. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

तिसरा दिवस. जेवणात मठ्ठा जरा जास्तच झालेला.
फोन बाहेरच्या टोपलीत.
प्रत्येकाच्या हातात एक पिवळी चिठ्ठी:
फक्त तुम्हालाच माहीत असलेल्या गोष्टी लिहा.
उद्या तुम्ही नसलात, तर काय काय अडेल?

कपाटाची किल्ली चहाच्या डब्यात.
बँकेत सही अजून वारलेल्या खजिनदारांची,
बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात चार वर्षं पडून.
दुधाचे पैसे दूधवाल्याच्या नाही, त्याच्या बायकोच्या हातात.
सुपरवायझरशी भांडायचं ते सकाळीच,
दुपारी त्याची शुगर उतरते.
शिवराजला लागोपाठ शिंका आल्या की दम लागतो,
पंप निळ्या पिशवीत.
चिठ्ठी पुरेना. दुसरी मागितली. मग तिसरी.
खरं सांगते, लिहिताना छाती जरा फुगलीच होती,
अठरा वर्षं, आणि बघा, किती लागते मी.

बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. वाचलं.
'मालनताई, ही तुमची ताकद नाही. ही संस्थेची जोखीम आहे.'
इतक्या मऊ आवाजात
की मला राग यायला चहापर्यंत वेळ लागला.

टोपलीतून फोन काढला. तस्लीमचे दोन मिस्ड कॉल,
दोन वाजून वीस मिनिटांचे.
म्हणजे मी 'निळी पिशवी' लिहीत होते, तेव्हाचे.
'काय नाही ताई, शिवराजला दम लागलेला.
पंप दिला. आता वरणभात खातोय.'
'निळी पिशवी तुला कुणी सांगितली?'
'सांगायला कशाला पाहिजे?
अकरा वर्षं बघतेय की तुमच्याकडं.'

समोर कर्वे रस्त्यावरून, उंचावरून, मेट्रो गेली,
निम्मी रिकामी, वेळेवर.
चालवणारं कोण होतं ते दिसलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. झालाही.
पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी झालं,
पाळणा हलवता हलवता
बाळ केव्हाच झोपलंय हे कळल्यावर
हाताला होतं, तसं.

सत्र पुन्हा सुरू झालं. मी हात वर केला.
'नवीन विश्वस्त घ्यायचा तर कागद काय काय लागतात?'
'ठराव, संमतीपत्र, आधार, पॅन,' बाई म्हणाल्या,
'आणि अर्थात नाव. पूर्ण.'

तिसऱ्या चिठ्ठीच्या तळाला जागा होती.
तस्लीम, लिहिलं. आणि थांबले.
हजेरीपटावर तस्लीम, व्हाउचरवर तस्लीम,
पोरांच्या तोंडी तश्लीमताई.
अकरा वर्षांत पुढचं मी कधी लिहिलंच नव्हतं.

बाईंची परवानगी घेऊन बाहेर आले,
टोपलीतला फोन परत उचलला.